गिराण सुटल्यावर करा

२७ जुलै २००८, रविवार
आधी आली स्थळं जुळवणारी बाळाबाई, मग पावणं. त्यांच्या आधी चहा तिनंच पिला! मलकापूरचं पावणं — आई, बाप, पोरगा. भर आखाडात पोरगी बघायला येतं का कोण? बाळाबाई म्हणते, "बघायला न्हाय ओ, जाता जाता टेकलोय." टेकले आणि सहा लाडू संपवले! पोरगा वाईट न्हाय. मान खाली घालून बसलेला.

आमची नात दीप्ती पोहे देऊन सरळ नेटकॅफेत! पावणं गेल्यावर भाऊसो — माझा ल्योक — तिला म्हणाला, "धा तारखेपतूर नोकरी लागली तर पुण्याला जा. न्हायतर मलकापूर."

३० जुलै, बुधवार
नातीनं मला नेटकॅफेत नेलं. चार दुकानं पलीकडंच. चपला बाहेर काढायच्या, देवळागत! तिनं ऑर्कुट दावलं. तिची मैत्रीण प्रीती पुण्यात कंपनीत हाय — तिचा फोटो, तिच्या मैत्रिणी, त्यांच्या मैत्रिणी... प्रीतीनं सायबाला दीप्तीचं नाव सांगितलंय म्हणं. म्हटलं, अगं, हे तर आमचं नळावरचं! कुठल्या गावची, कुणाची लेक, कुणाच्यात ओळख हाय — असंच तर मी तुझ्या बापाला कारखान्यात चिकटवला. ती हसली. लई दिसांनी खरं हसली.

अर्जात आमच्या घरातल्या फोनचा नंबर घातलाय. "आज्जी, फोन तुझ्या ताब्यात. कंपनीचा आला की मला हाक मार." मी तिसरी पास, आणि कंपनीचा फोन माझ्या ताब्यात!

१ ऑगस्ट, शुक्रवार
दिव्याची आवस, त्यात सूर्याला गिराण. दिवे घासले, पाण्यात तुळशीपानं टाकली, दार लावून बसले. दीप्ती असलं मानत न्हाय, गेली नेटवर. पाचाला फोन वाजला — पुण्याचा सायब! "दीप्ती आहेत का? आजच नक्की करायचंय." माझ्या तर अंगावर काटा! पण गिराणात शुभ बोलणं घ्यायचं कसं? जन्मात न्हाय घेतलं. आणि गिराणात बाहेर पडून हाक तरी कशी मारू? म्हटलं, "पावणं, गिराण सुटल्यावर करा की." तो हसला. "बरं, आजी."

गिराण सुटलं. अंघोळ केली, फोनजवळ बसले. न्हाय आला. दीप्तीला काय बोलले न्हाय. उद्या येईलच, आला की तिच्याच हातात देते, म्हटलं.

२ ऑगस्ट
फोन न्हाय.

४ ऑगस्ट
फोन न्हाय. भाजीलाबी गेले न्हाय. शेजारची बयाबाई म्हणते, "फोनची पूजा मांडलीस व्हय गं?" तिला हसायला काय जातंय.
दीप्तीला अजून सांगितलं न्हाय.

७ ऑगस्ट
दीप्ती नेटवरनं आली, डोळं सुजलेलं. "प्रीतीनं लिवलंय. जागा भरली, आज्जी. दुसरीला घेतलं." माझ्याकडं बघितलं तिनं. मग तेलाची वाटी आणली आणि माझं गुडघं चोळत बसली. न सांगता. रोज चार हाका माराव्या लागतात त्याला.
बोटं गार होती तिची.

१० ऑगस्ट, रविवार
पावणं आले. आज बाळाबाई मागनं. भाऊसोनं दीप्तीला विचारलं. ती म्हणाली, "चालेल."
चालेल! — चप्पल घेताना म्हणतात तसं.
लाडू मीच केलेले. एक खाल्ला न्हाय. आत जाऊन गॅसकडं तोंड करून रडले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

११ ऑगस्ट
सांगितलं तिला. गिराण, सायब, सगळं. ती भांडी लावत होती, थांबलीसुदिक न्हाय. "म्हाईत हाय, आज्जी. सायबानंच प्रीतीला सांगितलं. बाबांना कळलं असतं तर मला आणखी मुदत मिळाली असती, पर तुझ्यावर जन्मभर ओरडले असते."
पावणं गुरवारी येतो म्हणालेत. सुपारी फोडायला.