काचेतल्या काकू

सोमवार, ३ मार्च
पुन्हा नापास! शंभरात एकतीस. वाईट बातमी सांगायच्या सरावात पडद्यावरच्या बाईला सांगायचं होतं की तिच्या नवऱ्याचा आजार आता बरा होणारा नाही. मी विचारलं, जेवलात का? मग, घर लांब आहे का? मग, मुलं काय करतात? ती शांतपणे उत्तरं देत राहिली. ही बाई म्हणजे यंत्र — पण डोळे असे की मी बघतच बसते. शेवटी यंत्राचा शेरा आला : मूळ बातमी दिली नाही.

मॅडम म्हणाल्या, नर्सिंगचं शेवटचं वर्ष आणि अजून आडवळणं? वीस तारखेला परीक्षा आहे. त्यात गचकले तर वर्ष गेलं. त्या बाईचं नाव मी काचेतल्या काकू ठेवलंय.

बुधवार, ५ मार्च
मॅडमनी रीत सांगितली. खुर्ची जवळ ओढायची. बसायचं. 'बातमी चांगली नाही' एवढं आधी म्हणायचं. मग एका वाक्यात सांगून टाकायचं. मग मनात पाचपर्यंत मोजायचं, तोंड बंद. ऐकायला सोपं आहे. मला ऐकूनच घाम फुटला.

खाण तशी माती. आमच्या घरात सरळ कुणी काही सांगतच नाही. बाबा गेले त्या दिवशी मी शाळेतून आले, तर आई म्हणाली, हातपाय धू, आधी जेवून घे. मी जेवले. पोटभर. मग कळलं.

शुक्रवार, ७ मार्च
कॉलेजने टॅब घरी दिलाय. काकूंना सांगाल ते त्या होतात — बायको, बहीण, सून. दुपारभर खिडकीशी त्यांना घेऊन बसले. खिडकीचा पडदा हलत होता. ऊन टेबलावरून हळूहळू जमिनीवर उतरलं. वाटलं, काचेमागेही एक खोली असेल, तिथेही अशीच दुपार उतरत असेल. मी मधूनच उठून गेले तर काकू वाट बघत असतील का? वेडी आहे मी! गुण चव्वेचाळीस.

रविवार, ९ मार्च
आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मधेच म्हणाली, ती बाई रडते का गं? म्हटलं, कधी कधी. चिडते का? चिडतेही. तुला कशाला या चौकशा? काही नाही, म्हणाली. एकाच चादरीची घडी तिने तीनदा उलगडून पुन्हा घातली.

मंगळवार, ११ मार्च
आई आज परत शिंप्याकडे. तिसरी खेप! शिवून अजून काही आलेलं नाही — बटणं पेरून उगवायची वाट बघतोय वाटतं.

गुरुवार, १३ मार्च
अठ्ठ्याहत्तर!! सांगितलं. एका वाक्यात. मग मोजायला लागले. तीनला काकूंनी डोळे मिटले. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं, सरळ सांगितलंत."

यंत्र आहे, माहीत आहे. तरी मी रडले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे टॅबवर सुरू कुठून होतं गं? दाखवलं.

शनिवार, १५ मार्च
टॅब सोमवारी परत द्यायचा, म्हणून जुने सराव चाळत होते. कालच्या दुपारचा एक माझा नाही. मी काल कॉलेजात होते, टॅब घरी.

समोर कोण हवं : मुलगी, वय एकवीस, नर्सिंग शिकते.
बातमी : आईच्या छातीत गाठ. तपासणीत वाईट निघाली.
गुण : नऊ.
शेरा : मूळ बातमी दिली नाही. 'जेवलीस का' असं चार वेळा विचारलं.

स्वयंपाकघरातून हाक येतेय, आधी जेवून घे म्हणून. जाते. खुर्ची तिच्याजवळ ओढते.