करपलेलं केकचं भांडं

मंजुषा,

तू कचऱ्यात टाकलेलं केकचं भांडं मी काढून घेतलंय. ते वाया गेलेलं नाही. गरम पाणी आणि खायचा सोडा घालून मोरीत भिजत ठेवलंय. उठलीस की पाणी ओतून दे, सोड्याची दाट लेई करून काळ्या जागी लाव आणि थोड्या वेळाने लाकडी उलथन्याने हळू खरवड. तारेची घासणी लावू नकोस, आतला लेप निघेल. बाहेरचे तेलकट डाग लिंबाच्या सालीवर सोडा घेऊन घासले की जातात.

काल तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा केक ओव्हनमध्ये होता आणि तू बाल्कनीत गोकुळला फोनवर फोन लावत होतीस. त्याने उचलला नाही. नंतर भांडं बघून तू म्हणालीस, "आई, माझ्या हातून सगळं बिघडतंच."

त्यावर आता सांगते. भांडण झालं म्हणून घर सोडून वापीला मित्राच्या खोलीवर जाऊन बसायचं, हे त्याने केलंय, तू नाही. मी सकाळच्या बसने तिकडेच चाललेय. तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतंस. तो माझा मुलगा आहे म्हणून मी त्याची बाजू घेईन, असं मनात आणू नकोस.

डाळ करून ठेवलीय, भात तेवढा लाव आणि पोटभर जेव. तो आला तर बरंच आहे. नाही आला तरी मी संध्याकाळी तुझ्याकडेच येणार आहे.

आई