मंगळवारच्या चिठ्ठ्या

ईली,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २००८

प्रिय नोरीन,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, राग मानू नकोस. तुझा डोळा आता कसा आहे? थेंब नियमित घालतेस ना? माझे गुडघे आहेत तसेच आहेत. इथे तीन दिवस धुकं आहे, कॅथीड्रलचा मनोरासुद्धा अर्धाच दिसतो. ख्रिसमसचा केक भाजून ठेवला. दर वर्षी इतका मोठा केक कुणासाठी करते, असं शेजारीण विचारते.

तुला आठवत असेल, आईला घेऊन मी या घरात आले ते स्टेशन जवळ म्हणून. लंडन, केंब्रिज, नॉर्विच, पीटरबरो, सगळीकडच्या थेट गाड्या. आई म्हणाली होती, "बरं झालं. आता यायला जमत नाही म्हणायची कुणाची सोय उरली नाही." स्वयंपाकघरात उभी राहिले की प्रत्येक गाडी ऐकू येते. तुमच्या थेटफर्डची गाडी मी आवाजावरून ओळखते. तिथून इथे पंचवीस मिनिटं.

आता मुद्द्याचं. तू विचारलं आहेस, "क्लिफर्ड दर मंगळवारी तुमच्या कॅथीड्रलमध्ये चिठ्ठी टाकायचा. ती कधी वाचलीस का? खरं काय ते सांग." हेच तू माझ्या भावाच्या अंत्यविधीनंतर चहाच्या वेळी विचारलं होतंस. माझ्या हातात हॅमचं सँडविच होतं आणि मी म्हणाले, "हो, वाचली ना." तू माझा हात दाबलास. तेव्हापासून तो हात मला माझा वाटत नाही.

नाही वाचली, नोरीन. एकदाही नाही.

लोक प्रार्थनेसाठी पेटीत टाकतात त्या चिठ्ठ्या काढून बारा वाजता त्यांतली नावं मोठ्याने वाचायचं काम मंगळवारी माझं असतं. आधी आजारी आणि अडचणीतले, मग दिवंगत. यंदा ईस्टरनंतरच्या पहिल्याच मंगळवारी एका घडी केलेल्या चिठ्ठीवर त्याचं अक्षर दिसलं. 'बाराच्या प्रार्थनेसाठी' एवढंच वर लिहिलेलं. मी ती न उघडता कोटाच्या खिशात घातली. घरी आणून बिस्किटांच्या डब्यात टाकली. पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच. आणि मी त्याला पाहिलं नाही असंही नाही. तो तिसऱ्या रांगेत बसायचा, गुडघ्यावर टोपी ठेवून. वाळला होता. नावं संपली की मी क्षणभर थांबते, तेवढ्यात तो खोकायचा. जूनमध्ये एकदा त्याने हात थोडासा वर केला. चाळीस वर्षं मी शाळेत हजेरी घेतली. नाव राहिलेलं पोर हात कसं वर करतं ते मला ठाऊक आहे. मी नाकासमोर बघून दिवंगतांची यादी सुरू केली.

कारण तुला माहीत आहे. आई गेली त्या दिवशी सकाळी आठला मी त्याला फोन केला होता. "ताबडतोब ये, तुझं नाव घेतेय." तो आला संध्याकाळी पाचला. आई तीनला गेली होती. दारात उभा राहून म्हणाला, "एव्हिस, गाड्या बंद होत्या गं." दुसऱ्या दिवशी मी स्टेशनवर जाऊन विचारलं. सगळ्या गाड्या वेळेवर धावल्या होत्या. अकरा वर्षं मी त्याला दार उघडलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, त्यातली मी.

आणि आता तू लिहितेस की तो दहा वाजताच इथे पोहोचला होता. दोन नंबरच्या फलाटावर बाकावर बसून होता. सात तास. "आईला जाताना बघवलं नसतं मला," असं तुला हॉस्पिटलमध्ये म्हणाला. नोरीन, माझ्या घरापासून तो बाक चार मिनिटांवर आहे. मी औषध आणायला दोनदा त्या रस्त्याने गेले होते.

अंत्यविधीनंतरच्या मंगळवारी पेटी उघडली तर आत त्याची चिठ्ठी. तेच अक्षर. तशीच जाऊन नावं वाचली आणि शेवटी थांबले तर तिसऱ्या रांगेतून खोकला ऐकू आला. रांग रिकामी होती. पुढच्या मंगळवारी पुन्हा चिठ्ठी, पुन्हा खोकला. चौथ्या मंगळवारी मी दाराशी पत्रकं वाटणाऱ्या पास्कना धरलं.

"त्यानेच सहा देऊन ठेवल्यात माझ्याकडे," ते म्हणाले. "'मला येणं झालं नाही तर दर मंगळवारी एक टाका' म्हणाला. मेल्यावर थांबा, असं काही बोलला नव्हता."

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू रोज 'नमस्कार पास्क' एवढंच बोलतेस बाई. कधी सांगू?"

चिठ्ठ्यांचा उलगडा झाला. खोकल्याचा अजून झालेला नाही.

काल रात्रभर तुझं पत्र डोळ्यांसमोर होतं. आज पहाटे उठून डबा उघडला आणि सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या. मला वाटलं होतं, स्वतःच्या दुखण्यासाठी लिहीत असेल. एकाही चिठ्ठीत तो स्वतः नाही. सगळ्यांत एकच: 'माझी बहीण एव्हिस हिच्यासाठी. ती एकटी असते.' ऑगस्टमधल्या एका चिठ्ठीत खाली बारीक अक्षरात आणखी आहे: 'तिचे गुडघे दुखतात. ती उभी राहते तेव्हा दिसतं.'

गाड्या बंद होत्या म्हणणारा तो आणि चिठ्ठी वाचली म्हणणारी मी. एकाच आईची पोरं.

आज पेटीत सहावी, शेवटची चिठ्ठी होती. आजाऱ्यांच्या यादीत मी माझंच नाव वाचलं. मग दिवंगतांत क्लिफर्डचं. मग थांबले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. खोकला आला नाही. मी वाट बघत उभी राहिले, नोरीन, तरी आला नाही. येत होता तेच बरं होतं, असं आता वाटतं.

मला माफ कर असं लिहिणार नाही. माफी मागायला फार उशीर केला. चिठ्ठ्या मात्र तुझ्या आहेत, आणि त्या मला टपालाने पाठवायच्या नाहीत. पुढच्या मंगळवारी ये. दोन नंबरच्या फलाटावर, त्याच बाकावर, सकाळी दहापासून मी डबा घेऊन बसलेली असेन. तू पाचला आलीस तरी चालेल. मी उठणार नाही.

गाड्या सुरू आहेत. मी विचारून आले.

तुझी नणंद,
एव्हिस