येडशीच्या प्रयोगशाळेतून नेलेले झाकण

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
मृगधारा शिक्षण मंडळ, धाराशिव.

विषय : येडशी येथील कनिष्ठ महाविद्यालयातून ऑटोक्लेव्हचे झाकण नेल्याची कबुली व उरलेले भांडे ताब्यात मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. १३, १८ व २२ जानेवारी २०२५ चे अर्ज. २) त्यांवरील आपली तीन उत्तरे.

महोदय,

झाकण चोरीस गेल्याची तक्रार आपल्या भांडारपालांनी केली आहे. ते अर्जदाराने नेले. का नेले, ते असे :

१. अर्जदार इरम्मा महांतप्पा कोराळे ही धाराशिवच्या औद्योगिक वसाहतीत 'कोराळे सायंटिफिक वर्क्स' चालवते. तिचे वडील महांतप्पा यांनी १९७४ साली एका जुन्या लेथवर शाळांसाठी तराजू व परीक्षानळ्यांचे स्टँड बनवून कारखाना सुरू केला. पुढे ऑटोक्लेव्ह, म्हणजे काचसामान वाफेच्या दाबाने निर्जंतुक करण्याचे कुकरसारखे मोठे भांडे, हाच मुख्य माल झाला. आजवर एकही भांडे फुटलेले नाही.

२. गेल्या वर्षी झाकणावरच्या सुरक्षा-झडपेच्या स्प्रिंगा नव्या ठिकाणाहून घेतल्या. निर्णय अर्जदाराचा होता, वडिलांचा नव्हे. दि. ९ जानेवारीस तुळजापूरहून दुरुस्तीस आलेले भांडे तापवताना कारागीर गोरोबा ओरडला, "ताई, काटा लाल पट्टीच्या पार गेला, झडप बोलंना!" त्याने गॅस तोडला म्हणून तो आज हयात आहे. नव्या स्प्रिंगा जरुरीपेक्षा ताठ निघाल्या. तशी आणखी बावीस भांडी विकली गेली होती. महांतप्पा एवढेच म्हणाले, "नाव आपलं हाय त्याच्यावर. जाऊन आण."

३. अर्जदाराने एसटीने गावोगाव फिरून एकवीस भांडी परत आणली व बदली भांडी दिली. बाविसावे येडशीस होते. तेथे भांडारपाल म्हणाले, "बाई, यंत्र चालू हाय. चालू वस्तू परत कशी देऊ? आधी बिघडावं तर लागतंय."

४. आपले पहिले उत्तर : वापरणाऱ्याची तक्रार नसल्याने परत देण्याचे कारण दिसत नाही. दुसरे : उत्पादकाने सदोषतेचे प्रमाणपत्र द्यावे. अर्जदाराने ते दिले. तिसरे : उत्पादक हितसंबंधी असल्याने त्याचे प्रमाणपत्र ग्राह्य नाही. अर्जदाराचा हितसंबंध एवढाच होता की, कोणाच्या तोंडावर वाफ येऊ नये.

५. दि. २७ रोजी प्रात्यक्षिक परीक्षा असल्याचे कळताच अर्जदार त्या सकाळी येडशीस पोहोचली. प्रयोगशाळेत बारा विद्यार्थी होते, शेगडी पेटलेली होती, काटा लाल पट्टीला टेकला होता आणि झडप मुकी होती. अर्जदाराने परवानगी न घेता गॅस बंद केला व "बाहेर पळा!" असे ओरडून सर्वांना मैदानात काढले. शिक्षिका सोनाली मॅडम सर्वांत शेवटी बाहेर आल्या. काटा शून्यावर येईस्तोवर अर्जदार दारात एकटी उभी होती. मग तिने झाकण आवळणारे सहा पेच सोडवून ते झडपेसकट पिशवीत घातले. भांडारपाल "रजिस्टरला चढलेली वस्तू आहे" म्हणत फाटकापर्यंत मागे आले, हे खरे आहे.

६. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तपासणी केली. ज्या दाबाला झडप उघडायला हवी, त्याच्या दुपटीलाही ती उघडली नाही. महांतप्पांनी ते उभे राहून पाहिले आणि झाकणावरची 'कोराळे' नावाची पितळी पट्टी पक्कडीने उपटून काढली.

७. सबब मागणी की, उरलेले भांडे अर्जदाराच्या हवाली करावे. नवे, तपासलेले भांडे सोबत पाठविले आहे. पोलिसांत फिर्याद द्यायची असल्यास जरूर द्यावी, अर्जदाराचा जबाब हाच समजावा. झाकण मात्र परत मागू नये. गोरोबाने काल त्याचे दोन तुकडे केले आहेत.

झाकण नेल्याचे कबूल करणारी,
इरम्मा महांतप्पा कोराळे
धाराशिव, दि. ३० जानेवारी २०२५

सोबत : १) आपल्या तीन उत्तरांच्या प्रती. २) गोरोबाचा लेखी जबाब. ३) न उघडलेली झडप, मोहोरबंद.