पिना मारलेला धडा

श्रुतिका,

मी वाकोल्याला आजीकडे जातेय, तिला डॉक्टरकडे न्यायचंय. सहापर्यंत येते. भात आणि कुळथाची पिठी ओट्यावर आहे, गरम करून घे. गॅस नीट बंद कर गं.

दर्शनाताईने तुला दिलेलं तिचं जुनं विज्ञानाचं पुस्तक टेबलावर ठेवलंय. मधल्या पानांना पिना का मारल्यात, असं तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, "ताईनेच मारल्या असतील." खोटं बोलले. ऑफिसातला स्टेपलर आणून मीच मारल्या होत्या. मुलं-मुली वयात कशी येतात, बाळ कसं होतं, त्याचा धडा आहे तो. तू अजून लहान आहेस, असं मला वाटत होतं.

काल सानवीच्या आईकडून कळलं, की त्या धड्यात काय आहे ते तू सानवीला विचारलंस आणि तिने मोबाइलवर भलतंच काहीतरी दाखवलं. मी रागावले नाहीये, शपथ. तू आधी माझ्याकडेच आली होतीस ना.

सकाळी पिना काढत बसले होते, तर बाबा म्हणाले, "परीक्षा तुझीच असल्यासारखी दिसतेस." तसंच वाटतंय. मला कधी कुणी नीट सांगितलं नाही, त्यामुळे सांगताना अडखळेन. हसलीस तरी चालेल.

वाचताना जे मनात येईल ते या कागदाच्या मागे लिहून ठेव. शेवटची पिन मात्र निघाली नाही, माझं नखच तुटलं. ती संध्याकाळी आपण दोघी मिळून काढू.

आई