अकरावा नमुना

मांजरी,
मंगळवार

प्रिय रुपाली,

तुझी वाघोली इथून जेमतेम दहा किलोमीटर, खिशात फोन, आणि तुझा बाप पत्र लिहितोय म्हणून हसशील. हस. गेल्या चार दिवसांत मी तुला तीनदा फोन केला. तू 'बोला अण्णा' म्हणालीस की माझ्या तोंडून गुडघ्याचं आणि गॅस सिलिंडरचंच बोलणं बाहेर पडतं. कागदावर निदान मध्ये बोलायला तू नाहीस. हे पत्र मी स्वतः येऊन तुमच्या बिल्डिंगच्या पत्रपेटीत टाकणार आहे. पोस्टानं पाठवलं तर चार दिवस लागतील आणि तेवढे आपल्याकडे नाहीत.

आधी बातमी सांगतो. सोजरबाईच्या विहिरीतल्या विषाचा आकडा काल सोमवारीही उतरला नाही. साठाचा चौसष्ट झाला. पिण्याच्या पाण्यात तो पाचाच्या आत हवा, हे तूच आम्हाला शिकवलंस. पाच महिने झाले, तुझ्या कंपनीचे पाइप हिंमतरावाच्या गॅरेजला लागून जमिनीत उभे आहेत. त्यांतून उसाची मळी खाली सोडतात, ती खाऊन जमिनीतले जंतू वाढतात आणि पाण्यात मुरलेलं विष मोडून टाकतात, हे तू चावडीसमोर इतकं छान समजावलंस की सोजरबाईसुद्धा खूश झाली. उसात जन्म गेलेली बाई ती. "मळी पिऊन कोन बी तगडं व्हतंय," म्हणाली. आता दर सोमवारी ती विहिरीच्या कुलूपबंद जाळीपाशी येऊन उभी राहते आणि तुमच्या माणसाला विचारते, उतरला का. तो मान हलवतो. मग ती टँकरच्या रांगेत जाते, सत्तरीच्या वयात. काल मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दशरथभाऊ, आपली रुपाली हाय ना, ती करंल बरोबर." मी तिथून पळालो. अक्षरशः पळालो, गुडघ्यासकट.

तुला आपल्या कारखान्याची शेड आठवते तशी मलाही आठवते, पण आठवड्याभरात माझ्या आठवणीची चवच बदलली आहे. वीस वर्षं मी पंपांचे सुटे भाग केले आणि वीस वर्षं एकाच गोष्टीचा तोरा मिरवला, की माझ्या गेटबाहेर घाण पाण्याचा थेंब जात नाही. हिंमतराव त्याच्या गॅरेजचं काळं पाणी सरळ नाल्यात सोडायचा. त्यावरून आमची भांडणं अशी व्हायची की तुझी आई खिडक्या लावून घ्यायची. मी शहाणा. मी आठ फुटांचा शोषखड्डा खणला, त्यात विटांचे तुकडे भरले, वाळू भरली, वर कोळसा. दर शनिवारी भाग धुऊन झाले की धुण्याचं पाणी आणि तेल काढायचं उरलेलं सॉल्व्हंट त्यात ओतायचं. सॉल्व्हंट पाण्यासारखं स्वच्छ दिसायचं, गोडसर वास यायचा, हातावर घेतलं तर फुंकर मारायच्या आत उडून जायचं. जे डोळ्यांसमोर उडून जातं ते खड्ड्यातूनही उडून जात असणार, असा माझा हिशेब. ग्रामपंचायतीनं मला शाल आणि श्रीफळ दिलं, 'स्वच्छ कारखानदार' म्हणून. त्या दिवशी हिंमतराव पहिल्या रांगेत बसला होता, आणि मी भाषणात त्याच्याकडे बघून बोललो होतो.

आणि तू. बारा वर्षांची असशील. शाळा सुटली की शेडमध्ये यायचीस, व्हर्नियर हातात घ्यायचीस आणि तयार भाग मोजत बसायचीस. कामगार तुला इन्स्पेक्टरबाई म्हणायचे. एकदा मी पास केलेला अख्खा ढीग तू केसभर फरकासाठी नापास मालाच्या लाल पेटीत टाकलास. मी ओरडलो, तू रडलीस, पण एकही भाग पेटीतून परत काढला नाहीस. दुसऱ्या दिवशी मी तो सगळा लॉट पुन्हा केला. तुझ्यासमोर कबूल केलं नाही, पण तुझं बरोबर होतं. तेव्हापासून माझी खात्री होती की जगात काहीही होवो, मोजमापाच्या बाबतीत माझी पोरगी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही.

सात महिन्यांपूर्वी विहिरीचं विष कुठून आलं ते शोधायला तुझी माणसं भोकं पाडत गावात फिरत होती, तेव्हा मीच त्यांना हाताला धरून आपल्या आवारात आणलं. तू नको म्हणत होतीस, यादीत आपली जागा नाही म्हणालीस. मी हट्ट केला. म्हटलं, इथं मारा, म्हणजे लोकांना कळेल कारखाना कसा चालवायचा असतो. खड्ड्यापासून चार पावलांवर त्यांनी भोक पाडलं, माती घेतली, पाणी घेतलं. मी सगळ्यांना चहा पाजला. ते अकरावं भोक होतं. पाडण्याआधी त्यांनी खडूनं जमिनीवर आकडा घातला होता, मी डोळ्यांनी पाहिला.

मग तुझ्या अहवालावरून हिंमतरावाच्या गॅरेजला सरकारी सील लागलं. मी काय केलं, सांगू? पेढे आणले. तुझ्या आईनं हात लावला नाही, मी एकट्यानं खाल्ले.

मागच्या बुधवारी लोकांनी सभा मागितली, आकडा का उतरत नाही म्हणून. तू भिंतीवर नकाशा लावलास. त्यावर लाल ठिपके दहाच. मी मोजले, पुन्हा मोजले. हात वर करून विचारलंसुद्धा, आमच्या आवारातला कुठं गेला. तू नकाशाकडे बघत म्हणालीस की त्या नमुन्याची बाटली वाटेत फुटली. मला इतका राग आला! विष सापडलं नाही म्हणून नव्हे गं, माझं स्वच्छतेचं सर्टिफिकेट फुटलं म्हणून. या वयातही मला ते हवं होतं.

गुरुवारी मी उत्तरेश्वराला गाठलं, तुमच्या खोदाईच्या मशीनवरचा तो लातूरकडचा माणूस. चार माणसांत त्याला झापलं. इतका निष्काळजीपणा, माझ्या कारखान्यात असतास तर दुपारच्या आत घरी पाठवला असता, असं बरंच. बिचारा ऐकून घेत होता. शेवटी त्याला लागलंच. "बाटली न्हाई फुटली काका," म्हणाला, "मी सोता लॅबात निऊन दिली, त्येंचा रिपोर्ट हाय." आणि फोन काढून त्यानं लॅबच्या कागदाचा फोटो माझ्या हातात दिला. काय झालंय ते त्याला ठाऊक नव्हतं. मॅडमनी फुटली लिहा म्हटलं, त्यानं लिहिलं. त्याला फक्त आपण बाटली फोडली नाही एवढं दाखवायचं होतं.

मी चष्मा पुसून वाचलं. हिंमतरावाचं गॅरेज, नऊ. सोजरबाईची विहीर, साठ. दशरथ यांचे आवार, दोन हजार तीनशे.

मला वाटलं, शून्य जास्त पडलंय. मशीनच्या टायरवर बसलो. उत्तरेश्वरानं पाणी आणून दिलं. दोन हजार तीनशे. माझ्या गेटबाहेर एक थेंब गेला नाही हे खरंच होतं, सगळा खाली गेला. कोळशातून, वाळूतून, काळ्या दगडाच्या फटींतून, उतारानं थेट त्या बाईच्या विहिरीत. तू पोहायला शिकलीस त्या विहिरीत. हिंमतरावाचं काळं पाणी दिसत तरी होतं. माझं दिसतच नव्हतं, म्हणून मी शाल पांघरून भाषण ठोकत होतो. रुपाली, पाच रात्री मी झोपलेलो नाही. माझ्या हातून असं काही झालं असेल हे मला अजून खरं वाटत नाही, आणि कागदावर मात्र ते छापलेलं आहे.

पण त्याहून मोठा धक्का तुझा आहे. मी केलं ते न कळून. तू पाच महिने, प्रत्येक सोमवारी, सगळं माहीत असताना मळी चुकीच्या जागी सोडत राहिलीस. रोग इथं आणि औषध तिथं. आकडा उतरणार कसा? तू तो उतरवू शकतेस, तेवढी हुशार आहेस, खड्ड्याशेजारी पाइप गाड आणि बघ. तुझ्या आईला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली. पोरीनं तुमच्यासाठी केलं, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, तेच तर मला सहन होत नाही. म्हातारपणी बापाची अब्रू वाचावी म्हणून तू एका बाईला टँकरच्या रांगेत उभं केलंस आणि एका माणसाच्या दाराला कुलूप लावलंस. माझ्यावर एवढं प्रेम करू नकोस गं. मला ते पेलत नाही.

आता पत्र का लिहिलं ते. मी अर्ज लिहून तयार ठेवलाय. आमच्या आवारात नमुना घेतला होता, तो फुटला नाही, त्याचा आकडा अमुक, खड्डा मी स्वतः खणला, जागा ताब्यात घ्या आणि हवी तेवढी खोदा. सोजरबाईला आज सकाळी तिच्या ओसरीवर बसून माझं सगळं सांगितलं. ती 'च्या घेता का' म्हणाली. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. हिंमतरावाकडे उद्या जाणार आहे. तुझं नाव मी तिच्यापुढे काढलं नाही, त्याच्यापुढेही काढणार नाही. पण हा अर्ज मी सरकारी कचेरीत दिला की ते पहिला प्रश्न विचारतील, नमुना दडवला कुणी. मी आधी पोचलो तर म्हणतील, तिला पकडलं. तू आधी पोचलीस तर म्हणतील, तिनं स्वतः येऊन सांगितलं. नोकरी कदाचित दोन्हीकडून जाईल, मला ठाऊक आहे. तरी एवढा एक तास मी तुझ्यासाठी राखून ठेवलाय, दुसरं काही देता येत नाही. शुक्रवारी मी अकरा वाजता कचेरीत पोचतोय. तू दहाला जा.

काहीही झालं तरी तुझाच,
अण्णा