उंच मेणबत्तीचं काय झालं

१४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मला यंदा सातवीचा विज्ञानाचा वर्ग मिळाला. पहिल्याच दिवशी मुलांना कोरे कागद वाटले आणि विज्ञान म्हटलं की काय वाटतं ते लिहायला सांगितलं. बहुतेकांनी ‘पाठ करायचा विषय’ असं लिहिलं. एकाने नुसतीच जांभई देणारं तोंड काढलं, आणि चित्र छान होतं म्हणून मला रागावताही येईना.

मोठ्या बाईंच्या मागे लागून आठवड्याचा एक तास प्रयोगांसाठी मिळवलाय. ऑगस्टमध्ये त्या स्वतः वर्गात येऊन बसणार आहेत. मुलांचा त्यात रस दिसला नाही, तर तो तास गणिताच्या सरावाला जाणार. गेला की परत मिळायचा नाही, आत्या. ही मुलं मग दहावीपर्यंत पाठच करत बसतील.

म्हणून मी कार्डं लिहिली आहेत. वर काय करायचं ते, मग एक प्रश्न, आणि खाली अर्धं पान मुलांसाठी. तुझा जन्म शाळेची पुस्तकं तपासण्यात गेला, तेव्हा भाषेवरून एकदा नजर फिरव. लाल पेन जरा जपून चालव, एवढीच विनंती. आतोबांना नमस्कार सांग.

तुझी लाडकी (असं मीच म्हणते),
भिंगरी

२५ जून

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

कार्डं वाचली. तुझं स्वल्पविरामांशी काय वाकडं आहे, देव जाणे. सगळे जागच्या जागी बसवलेत. भाषा मात्र गोड आहे, ती आपल्या घरातून आली असणार.

खालची अर्धी पानं कोरी बघून मला धक्काच बसला. मुलांच्या हातात अर्धवट गोष्ट द्यायची नाही, ही माझी कायमची शिस्त. तेव्हा प्रत्येक कार्डाखाली उत्तर लिहून टाकलंय, सुबक आणि मोजकं. तुझी धावपळ नको म्हणून मजकूर थेट आमच्या ओळखीच्या छापखान्यात दिला. गठ्ठा सोमवारपर्यंत शाळेत पोचेल. निर्धास्त राहा. माझ्या हातून गेलेल्या एकाही पुस्तकाला आजवर शुद्धिपत्र जोडावं लागलेलं नाही.

आतोबांचा गुडघा कुरकुरतोय, ते स्वतः त्याहून जास्त. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझं भलं चिंतणारी,
आत्या

२१ जुलै

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण गठ्ठा उघडला तेव्हा मला रडू आलं. मुलांनी काडी ओढायच्या आधीच उत्तरं वहीत उतरवली आणि झालं म्हणून हात वर केले. लोहचुंबक खोक्यातून बाहेरही निघाले नाहीत. पुन्हा छापून द्यायला शाळा तयार नाही. प्रयोगांचे पहिले दोन तास तसेच गेले. रोज घरी येऊन तुझ्यावर चिडायचे आणि मग तुझीच आठवण काढायचे.

मग मेणबत्त्यांच्या कार्डाची पाळी आली. एक उंच, एक बुटकी, दोन्ही पेटवायच्या आणि वर मोठी काचेची बरणी पालथी घालायची. तू लिहिलंयस की जड वायू खाली साचतो, म्हणून बुटकी आधी विझते. आत्या, उंच विझली. पुन्हा केलं, पुन्हा उंचच. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, गेलं अख्खं वर्ष तोंडातून शब्द नाही म्हणून तिला सगळे गुपचूप म्हणतात. ती उभी राहिली आणि तिने विचारलं, हे कार्ड ज्यांनी लिहिलं त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं का? मी सांगितलं, माझ्या आत्याने लिहिलंय, तिला विचारून सांगते.

त्या दिवसापासून मुलं प्रत्येक कार्डावर संशय घेतायत. तुझी बरोबर उत्तरंसुद्धा तपासल्याशिवाय सोडत नाहीत. खोक्यात आता एकही चुंबक राहत नाही. मला हेच हवं होतं, आणि ते तुझ्या चुकीमुळे झालं.

पण कुणाच्या तरी आईने तक्रार केली. मोठ्या बाई म्हणतात, चुकीची कार्डं वर्गात नकोत. लिहिणाऱ्याने बरोबर उत्तराचं शुद्धिपत्र पाठवावं, नाहीतर सगळी कार्डं कपाटात आणि तास गणिताला. येत्या सहा ऑगस्टला त्या वर्गात येतील. छापील उत्तर पुन्हा आलं तर मुलं पुन्हा उतरवून मोकळी होतील, म्हणून शुद्धिपत्र मला नकोय. मी हा तास सोडणार नाही. पण गुपचूपला काय सांगू?

तुझी अडकलेली,
भिंगरी

१ ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून माझं डोकं फिरलं. दोन उत्तरं लिहिली आणि फाडली. तुमच्या मेणबत्त्याच वाकड्या असतील असं एकात होतं.

शेवटी साखरेची बरणी रिकामी केली आणि ओट्यावर मांडामांड केली. आतोबा बादलीभर पाणी घेऊन शेजारी उभे, जसं काही मी घर पेटवणार होते. उंच विझली. बरणी बदलली, मेणबत्त्या बदलल्या, तरी उंचच. तोच जड वायू थंड असताना वरून ओतला तर बुटकी आधी विझते, ते डोक्यात धरून मी लिहून गेले. इथे ज्योतीचा वायू गरम, तो आधी वर जात असणार. असणार म्हणतेय, कारण ते मी अजून तपासलेलं नाही.

शुद्धिपत्र पाठवणार नाही. मोठ्या बाईंना सांग, लिहिणारी स्वतः येतेय. त्या मुलीने प्रश्न मला विचारलाय, तर उत्तर मीच देईन, बाईंच्या देखत. लाज वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण त्या लाजेपायी मुलांचा तास जाऊ देणार नाही.

अर्ध्या पानाच्या मापाच्या कोऱ्या पट्ट्या कापून ठेवल्यात, सगळ्या कार्डांवरची माझी उत्तरं झाकतील इतक्या. कात्रीने अंगठ्याला फोड आलाय. डिंक तू आणून ठेव.

तुझी हट्टी,
आत्या

९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बस चुकेल म्हणून तू घाईने निघालीस आणि खरी गंमत राहून गेली. नाही, लिहिलं तेव्हा मी करून पाहिलं नव्हतं, आता पाहिलंय, असं तू सरळ उभी राहून म्हणालीस. मी तेव्हा तुझ्याकडे पाठ करून कोराच फळा पुसत बसले.

तू गेल्यावर मोठ्या बाई उठतील असं वाटलं. त्या बसूनच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, दोन्ही मेणबत्त्या सारख्या उंचीच्या असतील तर कुठली आधी विझेल? अख्खा वर्ग मेणबत्त्या आणायला टेबलाकडे धावला. घंटा झालेली बाईंनाही कळली नाही. जाताना त्या मला म्हणाल्या की तास राहू दे आणि कार्डंही राहू देत.

तुझ्या पट्ट्या मुलांनी सगळ्या कार्डांवर चिकटवल्या, एक सोडून. मेणबत्तीचं कार्ड झाकायला गुपचूपने साफ नकार दिला. छापील उत्तराखाली तिने लिहिलंय, ‘करून पाहिलं. असं होत नाही.’ त्याखाली ‘पाहणारे’ असं लिहून सगळ्यांनी सह्या केल्यात, मोठ्या बाईंनीसुद्धा. सर्वांत वर एक जागा रिकामी ठेवलीय. ती तुझी आहे, तुम्हीही करून पाहिलंय ना, असा गुपचूपचा निरोप आहे.

कार्ड सोबत पाठवतेय. सही करून लगेच परत पाठव, मुलं वाट बघतायत. लाल पेनानेच कर.

तुझ्यावर जीव असलेली,
भिंगरी